उत्तर: दाफ योमी, ६४ पानांना ६३ दिवस कसे?

दाफ योमी म्हणजे तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचं रोज एक पान वाचायचा उपक्रम. त्यातला पहिला ग्रंथभाग बेराखोत ६४व्या पानावर संपतो, मग वेळापत्रकात दिवस ६३च का, असा प्रश्न आहे. वेळापत्रक बरोबर आहे. तालमूदच्या छापील प्रतींत मजकूर पान २ पासून सुरू होतो. पहिलं पान मुखपृष्ठाचं. त्यामुळे २०२० मध्ये सुरू झालेल्या फेरीत ५ जानेवारीला पान २ आणि ७ मार्चला ६४.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. ‘दाफ’ म्हणजे पृष्ठ नव्हे, पाठपोट अख्खं पान. २अ (पुढची बाजू) वाचून थांबलात की २ब (मागची) राहिलं, आणि पंधरवड्यात आठवडाभर मागे! एकूण पानं २७११, म्हणजे साधारण साडेसात वर्षं. रब्बी मेइर शापिरो यांनी १९२३ मध्ये व्हिएन्नात ही कल्पना मांडली.