मदत हवी आहे: व्हिजन स्टेटमेंट कसं लिहायचं? (अर्जंट)

डंकवाली: फॉर्ममध्ये एक रकाना आहे, व्हिजन स्टेटमेंट, म्हणजे पुढे धंदा कुठं न्यायचाय ते. शुक्रवारी फाईल द्यायचीय. नेटवर बघितलं तर सगळीकडे तेच, जागतिक दर्जा, अग्रगण्य, ग्राहकांचा विश्वास, वाचून मलाच झोप यायला लागली तर साहेबांचं काय होणार. कुणी नमुना देईल का, दोन-चार ओळी पुरेत. आणि मराठीत चालेल का? प्लीज लगेच सांगा.

निवांत: कसला धंदा? कसला फॉर्म? कुठले साहेब?

डंकवाली: मसाल्याचा. बँकेचे साहेब.

निवांत: ताई, कुठली स्कीम ते सांगा की. एकेक ओळ काय देताय.

डंकवाली: पीएमएफएमई, ती छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना. कांदा-लसूण मसाला, हळद, धणेपूड. घरातूनच चालतं सध्या, आता शेड टाकायचंय.

बिझकोच_स्वप्नील: छान प्रश्न! डोळे मिटा, दहा वर्षांनंतरचा दिवस बघा आणि जे दिसेल ते लिहा. मायक्रोसॉफ्टचं काय होतं, प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात कॉम्प्युटर. तसं भव्य पाहिजे. 'जगातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आमचा मसाला.' माझं यावर वर्कशॉप असतं, मेसेज करा.

माई_गिरगाव: मायक्रोसॉफ्टने ते कर्जाच्या फॉर्मवर नव्हतं लिहिलं रे बाबा. आमच्या गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. त्यांनी कुठं व्हिजन लिहिलं होतं?

बिझकोच_स्वप्नील: लिहिलं नसेल, पण होतंच ना माई. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलेलं. हेच तर व्हिजन!

माई_गिरगाव: तो नियम झाला.

लेबल_तपासा: फूड लायसन्स आहे का? पाकिटावर 14 आकडी नंबर लागतो. उद्यम रजिस्ट्रेशनपण करून घ्या, सरकारी साईटवर फुकट आहे, एजंट लोक उगाच पैसे उकळतात.

डंकवाली: दोन्ही आहे. मी व्हिजनचं विचारतेय!!

माजी_कर्जविभाग: मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो. त्या रकान्यावर कुणाचं कर्ज पास होत नाही, पण अडू मात्र शकतं. आम्ही आधी कोटेशन, सिबिल, एकूण खर्चातले तुमचे स्वतःचे 10 टक्के कुठून येणार ते बघायचो. मग वर नजर जायची आणि तिथं 'देशभर' असं लिहिलेलं, खाली एकच पल्व्हरायझर (दळायचं मशीन) आणि पहिल्या वर्षी क्षमतेच्या 60 टक्के उत्पादन. म्हणजे रिपोर्ट कुणाचा तरी कॉपी केलाय हे लगेच कळायचं. पाच वर्षांनी माल कुठं विकणार, कुणाला, त्यात वेगळं काय, एवढं लिहा, आणि ते खालच्या आकड्यांशी जुळू दे. मराठी चालतं, पण शाखेत एकदा विचारा, साहेब कुठले आहेत त्यावर असतं. आणि जिल्ह्याला या योजनेचे संसाधन व्यक्ती असतात, तालुका कृषी कार्यालयात नाव मिळेल. ते रिपोर्ट करून देतात, त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही.

एआयभाऊ: एवढं काय त्यात, एआयला सांगा, दहा सेकंदात देतो.

निवांत: अग्रगण्य आणि जागतिक दर्जा तिथूनच आलंय भाऊ.

संकेश्वरी: मिरची कुठली वापरता? नुसती ब्याडगी असेल तर तो मसाला नव्हे, कुंकू.

कराडकर: ब्याडगी रंगाला लागतेच. नुसती संकेश्वरी घालून बघा, मटणाचा रस्सा पाण्याच्या तांब्याशिवाय उतरणार नाही.

संकेश्वरी: सातारा जिल्ह्याने तिखटावर बोलू नये.

डंकवाली: दोन्ही घालते, भांडू नका. हे बघा जमतंय का: 'पाच वर्षांत कोल्हापूर-सांगलीच्या किराणा दुकानांत आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांच्या घरी, डंकावर कांडलेला, रंग न घातलेला आमचा मसाला वर्षभर मिळेल. काम गल्लीतल्याच दहा बायका पगारावर करतील.'

बिझकोच_स्वप्नील: फारच लहान स्वप्न आहे हो ताई.

माई_गिरगाव: दहा पगार दर महिन्याला देऊन बघ, मग लहान म्हण.

माजी_कर्जविभाग: चांगलंय. पण कोटेशन डंकाचं आहे की पल्व्हरायझरचं?

डंकवाली: दोन्ही. पल्व्हरायझर हळद-धण्याला, मिरची डंकावरच.

माजी_कर्जविभाग: मग रिपोर्टात तसं स्पष्ट लिहा. आणि 'वर्षभर' म्हणताय, तर मिरची सीझनला एकदम भरून ठेवावी लागणार, ते पैसे खेळत्या भांडवलात धरलेत का?

डंकवाली: सीएनी एक महिन्याचाच माल धरलाय. फोन लावते त्यांना.

कराडकर: ताई, कराडला कुरिअर करता का? किलोचा भाव काय?