झाशी डोळ्यांनी, ग्वाल्हेर कानांनी
गोडसे भटजींनी 'माझा प्रवास', म्हणजे 1857 च्या बंडात सापडलेल्या आपल्या प्रवासाची हकीकत, पंचवीस वर्षांनी नुसत्या आठवणीतून लिहिला, तेव्हा तो कादंबरी म्हणूनच वाचावा, हे काही वाचकांचं मत मला पटत नाही. वय झालेल्या माणसाच्या तारखा चुकतात, आकडे फुगतात, हे खरं. पण सगळं पुस्तक एकाच मापाने का मोजायचं? झाशीचा वेढा, नंतरची लूट आणि कत्तल भटजींनी शहरात अडकून स्वतः सोसली. ग्वाल्हेरच्या लढाईत मात्र ते नव्हते. बाईसाहेबांच्या, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या, शेवटाबद्दल ते लिहितात ती ऐकीव हकीकत आहे, आणि ती तशीच वाचली पाहिजे. त्या दिवसाबद्दल तर कागदपत्रंही एकमत नाहीत: आमच्याकडे ग्वाल्हेरला फुलबागेतल्या त्यांच्या समाधीवर 18 जूनला लोक जमतात, इंग्रजांच्या लष्करी अहवालांतून 17 जून 1858 निघते. मग एकट्या भटजींनाच का धरायचं?

आणखी एक गोष्ट या पुस्तकाच्या चर्चेत कुणीच काढली नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असते ती प्रत 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापलेल्या पुस्तकावरची. हेच वैद्य आमच्या ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश होते. त्यांनी मूळ मजकुरात बरेच फेरफार केले होते. भटजींच्या हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तयार केलेली आवृत्ती 1966 साली आली. एखादं वाक्य खोटं ठरवण्याआधी ते हस्तलिखितात आहे का, एवढं तरी कृपया ताडून बघा.