अंगावरचं दूध असं का दिसतंय? तुमचे अनुभव सांगाल?

लेक आज 11 दिवसांची आहे. काल पंप करून ठेवलेली बाटली फ्रिजमधून काढली, तर वर पिवळसर थर आणि खाली निळसर पाणी. नासलं समजून मोरीत ओतलं, मग बराच वेळ रडत बसले. तुमचं दूध कसं दिसायचं? तुम्ही काय केलंत?

*

नासलं नव्हतं गं. स्निग्धांश हलका, तो वर येतो. बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की मिसळतं. स्तन भरलेला असताना आधी येतं ते पातळ, निळसर. रिकामा होत जातो तसं दाट होतं. फ्रिजमध्ये 4 दिवस चालतं.

*

माझं सिझेरियन. पहिले दोन दिवस जेमतेम चमचाभर, हळदीसारखं पिवळं आणि चिकट. आजेसासूबाई म्हणाल्या, "ते पिळून टाक, बाळाला मध चाटव." नर्सबाईंनी त्यांना शेजारी बसवून विचारलं, "आजी, गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, मग बाळाच्या हक्काचा चीक टाकायचा?" आजी गप्प झाल्या, आणि पुढे प्रत्येक वेळी बाळाला त्यांनीच माझ्या मांडीवर आणून दिलं. मध वर्षाच्या आत द्यायचाच नाही, हेही तेव्हाच कळलं.

*

मी पहिलटकरीण. दुधाचा रंग गंजक्या नळाच्या पाण्यासारखा, तपकिरी. दोन्ही बाजूंनी, पण दुखत काहीच नव्हतं. मी हादरलेच. डॉक्टरांनी तपासलं आणि समजावलं: गरोदरपणात स्तनांचा रक्तपुरवठा वाढतो, त्यातल्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि थोडं रक्त दुधात उतरतं. पाजत राहायला सांगितलं. पाचव्या दिवशी दूध पांढरं झालं. आठवडा उलटूनही रंग तसाच राहिला, एकाच बाजूने आलं किंवा गाठ लागली तर मात्र लगेच या, असं त्यांनी बजावलं होतं.

*

माझं गुलाबी होतं, बोंडाला चिरा पडल्यामुळे. बाळाची पकड सुधारली आणि चिरा भरल्या.

*

फ्रीझरमधल्या माझ्या दुधाला साबणासारखा वास यायचा. दुधातल्याच लायपेज नावाच्या विकरामुळे तसं होतं. माझा मुलगा ते बिनतक्रार प्यायचा, बहिणीचा मात्र तोंड फिरवायचा.

*

सगळ्यांचं वाचलं. आत्ताच दुपारची बाटली हलके फिरवली, थर मिसळला. 40 मिली आहे. ती उठली की वाटीचमच्याने पाजते.