लाकडी बाणाला नॉक लावताना रेषा कुठल्या दिशेला ठेवायच्या?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 35 पौंडाचं (दोरी ओढायला तेवढा जोर लागतो) लाकडी लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य आहे. आजवर विकतचे बाण वापरले, आता स्वतः करायला घेतलेत. अंबड एमआयडीसीत मशीनची खोकी फोडून निघणारं पाइन मिळालं. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी त्याच्या 11/32 इंची दांड्या काढून दिल्या. नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकावरची दोरी अडकवायची खाच असलेली टोपी, प्लॅस्टिकचे, चिकटवायचे आहेत. खाच लाकडाच्या रेषांना आडवी ठेवायची की रेषांच्या बाजूने, यावर दोघांनी दोन उत्तरं दिली. कारण समजल्याशिवाय चिकटवायचं मन होत नाही. कोणी नीट सांगेल का?

सिडको_तिरंदाज:
प्लॅस्टिकचा नॉक असेल तर काही फरक पडत नाही. लाकडातच खाच पाडणाऱ्यांनी रेषा बघायच्या. तुम्ही बिनधास्त चिकटवा.

पंचवटीचा_सुतार:
सिडकोवाले दादा, अर्धं बरोबर आहे, पण उरलेलं अर्धं हाताच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रेषा ओळखायला शिका. दांडीचं मागचं तोंड बारीक पॉलिश पेपरवर घासा आणि ओलं बोट लावा. झाडाची वलयं गडद रेघांसारखी उठून दिसतील. पाइनमध्ये तर लगेच दिसतात. आता दांडी उन्हात धरून बोटांत फिरवा. समोरासमोरच्या दोन बाजूंना सरळ, बारीक, समांतर रेघा दिसतील. ही वलयांची कड. उरलेल्या दोन बाजूंना रुंद पट्टे आणि लांबट टोकदार आकार दिसतील. ही सपाट बाजू.

खाच वलयांच्या रेघांना आडवी जायला हवी. मागून पाहिलं की खाच आणि रेघा मिळून अधिकचं चिन्ह दिसलं पाहिजे. बाण दोरीला लावला की खाच उभी, रेघा आडव्या आणि वलयांची कड धनुष्याला टेकलेली.

लाकडातच खाच असेल तर कारण उघड आहे. रेषांच्या बाजूने खाच पाडली तर सुटताना दोरी पाचर ठोकल्यासारखी आत घुसते आणि दांडी उभी चिरते. आडवी पाडली तरी खाचेच्या खाली दोरा घट्ट गुंडाळून त्यावर सरस लावावा. इंग्लंडचं मेरी रोझ जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं. त्यावरच्या बाणांच्या मागच्या टोकात शिंगाची पातळ पट्टी बसवलेली होती, तीही खाच फाटू नये म्हणूनच.

प्लॅस्टिकच्या नॉकमध्ये चिरण्याचं भय कमी, पण वाकण्याचं गणित तेच राहतं. बाण सुटताना सरळ जात नाही. धनुष्याला वळसा घालताना डावी-उजवीकडे लवतो. कडेच्या बाजूने दांडी सहसा जास्त ताठ असते. म्हणून सगळ्या बाणांची कडच धनुष्याकडे ठेवायची, म्हणजे सगळे सारखे लवतात. एकाची कड, दुसऱ्याची सपाट बाजू, असं झालं तर एकाच नेमाने सोडलेले बाणही विखरतात.

हे घरी तपासता येतं. 26 इंचांवर दोन टेकू ठेवा, दांडी आडवी ठेवून मधोमध 2 पौंड, म्हणजे 907 ग्रॅम वजन टांगा. पाण्याची बाटली तराजूवर मोजून भरली तरी चालते. दांडी किती इंच झुकली त्या आकड्याने 26 ला भागा. 0.52 इंच झुकली तर 50 पौंडांची दांडी, म्हणजे तेवढ्या पौंडांच्या धनुष्याजोगी ताठ. एकदा कड वर ठेवून मोजा, मग पाव फेरा फिरवून मोजा. फरक डोळ्यांनी दिसेल.

आता हाताचा मुद्दा. अधिकचं चिन्ह दोन प्रकारे जमतं, कारण दांडी अर्धा फेरा फिरवली तरी ते तसंच दिसतं. त्यातलं एकच निवडायचं. सपाट बाजूवरच्या त्या आकारांची टोकं बघा. बाण लावल्यावर वर येणाऱ्या बाजूची टोकं फाळाकडे, म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाकडे हवीत. दांडी मोडलीच तर ती त्या तिरप्या रेषेवरून फाटते, आणि मागचा तुकडा वर सरकून हातावरून निघून जातो. उलट लावली तर तोच टोकदार तुकडा धनुष्य धरलेल्या हातात खाली घुसतो. इथे प्लॅस्टिकचा नॉक काहीच वाचवत नाही.

पेठ_रोड:
पंचवटीकाका, फार छान सांगितलंत. आम्ही बांबूच वापरतो. त्यात वलयं नसतात, मग दांडी फिरवत वजन टांगून बघतो आणि सगळ्यात ताठ बाजू धनुष्याकडे घेतो. खाच पेराच्या गाठीजवळ पाडतो, चीर पुढे धावत नाही.

गंगापूररोडकर:
काका, मनापासून आभार. सगळ्या दांड्या उन्हात फिरवून पाहिल्या. काहींच्या कडेवरच्या रेघा टोकापर्यंत जातच नाहीत, मध्येच तिरप्या होऊन बाहेर पडतात. नॉक नीट लावला तर त्या चालतील का?

पंचवटीचा_सुतार:
नाही. खोक्याच्या फळीतून करवतीने दांडी काढली की असं होतं. करवत स्वतःच्या वाटेने जाते, रेषा तिच्या. वीतभर लांबीतच रेघ बाहेर पडत असेल तर ती दांडी धनुष्याला लावूच नका, मग नॉक कसाही बसवा. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना सांगा, आधी फळी रेषेने फोडा आणि मग रंधून गोल करा. माल कमी निघेल, पण रेषा टोकापासून टोकापर्यंत मिळेल.

ज्या चांगल्या निघतील त्यांना नॉकसाठी 11 अंशांचा आणि फाळासाठी 5 अंशांचा उतार द्या. नॉक आधी कोरडाच बसवा, वरच्या बाजूला पेन्सिलची खूण करा, मग चिकटवा. आणि सराव सुरू करण्याआधी प्रत्येक बाण चेहऱ्यापासून लांब धरून हलकेच वाकवा. बारीकसा 'टिक' आवाज आला तर तो बाण त्याच क्षणी बाजूला.