मदत हवी आहे: भूकंपाच्या दृष्टीने जुन्या प्लांटमधली यंत्रं कशी जखडायची?

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळच्या एका छोट्या केमिकल प्लांटचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. कोयना काही लांब नाही, ११ डिसेंबर १९६७ची ती भूकंपाची पहाट आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. शेडचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, पण आतल्या यंत्रांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

ट्रान्सफॉर्मरचा निर्णय झालाय. २००१च्या भूकंपात कच्छमध्ये रुळांवरचे ट्रान्सफॉर्मर घसरले होते, त्यामुळे आमचाही चाकं काढून पायाला पक्का बोल्ट करणार. विजेचे पॅनल खालून बोल्ट केलेत, वरून भिंतीला ब्रॅकेट मारू.

खरी अडचण डीजी सेटची, म्हणजे डिझेल जनरेटरची. तो स्प्रिंगवर बसलाय. स्प्रिंगा रोजची थरथर खातात, पण मोठ्या धक्क्यात सेट उडी मारून डिझेल लाइन तोडेल अशी भीती आहे. चारी बाजूंनी स्टॉपर लावायचे म्हटलं, तर सेट आणि स्टॉपरमध्ये फट किती ठेवायची? रबर पॅड लावायचं का? चालू सेटला कुणी असं नंतर बसवलंय का?

दुसरं, हायड्रोक्लोरिक ॲसिडची एफआरपी (फायबर प्लास्टिकची) टाकी. टाकीच्या नोझलला (तोंडाला) पाइप थेट कडक जोडलाय. टाकी जरा हलली की पहिलं तेच फुटणार. तिथे पीटीएफई बेलो (टेफ्लॉनचा लवचीक जोड) टिकतो का? आणि जुन्या, ॲसिडने खाल्लेल्या काँक्रीटमध्ये केमिकल अँकर (रेझिनने चिकटवलेले बोल्ट) धरतात, की पाया फोडून नवीनच करावा? व्हेंडर अर्थातच म्हणतो, "धरतात साहेब." प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगा, पुल-आउट टेस्ट (अँकर ओढून बघायची चाचणी) कुठून करून घेतली तेही.