मदत हवी आहे : सायकल शर्यतीसाठी बंदिस्त डांबरी सर्किट

नमस्कार मंडळी, भुसावळहून लिहितोय. आमची पोरं पहाटे रावेर रस्त्यावर सराव करतात आणि केळीचे ट्रक अगदी कोपराला घासून जातात. जीव टांगणीला लागतो. लंडनच्या ली व्हॅली व्हेलोपार्कमध्ये रहदारीपासून वेगळं, साधारण 1.6 किलोमीटरचं डांबरी सर्किट आहे. तसं काही इथं व्हायलाच हवं.

जागा मिळतेय, पण काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं डांबर टिकेल कसं? काळी माती किती खोल काढून मुरूम भरावा? वळणावर आतल्या बाजूला उतार किती द्यावा? 6 मीटर रुंदी घोळक्याला पुरेल? रस्तेबांधणीतलं कुणी असेल तर कृपया सांगा. जागा दाखवायला मी सोबत येईन.