शब्दचर्चा : ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

परिचारिका आणि निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. विषय ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’, म्हणजे पेशंटने पूर्वी काही भयंकर सोसलेलं असू शकतं हे धरून केलेली सेवा. हाती आलेल्या मसुद्यात त्याचं ‘आघात-सूचित काळजी’ झालं आहे. एका अनुभवी परिचारिकेला ते पान दाखवलं, तर तिने सरळ विचारलं, ‘काळजी कुणाला लागलीय, पेशंटला की आम्हाला?’ याहून बरं काय सुचतं? जुना धक्का अचानक जागा करणाऱ्या गोष्टीला ‘ट्रिगर’ म्हणतात, त्यालाही शब्द हवा आहे.

प्रतिसाद

त्या बाईंनी नेमकं बोट ठेवलं. मराठीत काळजी घेतात, तशी ती वाटते, लागते आणि पोखरतेही. ‘काळजी घेणे’ असं क्रियापदासकट आलं की अर्थ पक्का होतो. नुसतं नाम शीर्षकात ठेवलं की आधी चिंताच दिसते. आणि ‘सूचित’ म्हणजे सुचवलेलं किंवा कळवलेलं. त्याचा इथे काही संबंध नाही.

अशा प्रशिक्षणांत मी बरीच वर्षं दुभाषी म्हणून बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘ट्रॉमा’ मूळ ग्रीक, अर्थ जखम. शल्यविभागात तो आजही त्याच अर्थाने नांदतो. मनाच्या जखमेला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लावला जाऊ लागला, आणि अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली पीटीएसडीची (अशा आघातानंतर मागे उरणाऱ्या मनोविकाराची) नोंद झाल्यावर तिथेही पक्का बसला. म्हणून पहिल्या तासाला अस्थिरोग विभागातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ट्रॉमा तर आम्ही रोजच बघतो.’ ते खरंच बोलत असतात, फक्त दुसऱ्या जखमेबद्दल.

आपला ‘आघात’ म्हणजे तडाखा. उष्माघात, पक्षाघात. तो पडतो आणि क्षणात होऊन जातो. पण सॅम्सा या अमेरिकी सरकारी संस्थेने २०१४च्या मांडणीत ‘ट्रॉमा’मध्ये तीन गोष्टी धरल्या आहेत : घडलेली घटना, त्या माणसाला ती कशी भोगावी लागली, आणि तिचा मागे उरलेला परिणाम. ‘आघात’ यातली पहिली गोष्ट सांगतो. तिसरीसाठी लोकांच्या तोंडी फार नेमका शब्द आहे, धसका. ‘तेव्हापासून तिने धसकाच घेतलाय’ म्हणतो तेव्हा घटना कधीच सरलेली असते, तरी अंगातून गेलेली नसते. त्याच्या शेजारचं ‘हाय खाणे’. धसका घेतलेला माणूस दचकतो, टाळतो, दाराकडे बघत राहतो. हाय खाल्लेला खचतो, गप्प होतो, विचाराल त्याला हो म्हणतो. तपासणीच्या टेबलावर दोघंही भेटतात, आणि दुसऱ्याला आपण ‘शांत पेशंट’ म्हणून मोकळे होतो. हे दोन शब्द पुस्तिकेत जरूर घ्या. नावात मात्र ‘आघात’च राहू द्या, ‘मानसिक आघात’ चांगला रुळला आहे.

अडतं ते ‘इन्फॉर्म्ड’पाशी. २००१मध्ये मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली तेव्हा एक भेद केला होता. आघातावर उपचार करणारी सेवा वेगळी. आणि कुठलीही सेवा देताना, समोरच्याने असं काही सोसलेलं असू शकतं हे धरून वागणं वेगळं. दातांचे डॉक्टर, एक्स-रे काढणारे, रक्त घेणारे, नोंदणीच्या खिडकीवर बसणारे, सगळे या दुसऱ्या प्रकारात येतात. त्यांना मनोविकारतज्ज्ञ व्हायचं नाही. म्हणून ‘आघातोपचार’ हा पर्याय कुणी सुचवला तर तो घेऊ नका.

माहिती, जाण आणि भान हे शब्द शेजारी ठेवून पाहा. माहिती दोन तासांच्या व्याख्यानात मिळते. जाण अनुभवाने येते, आणि एकदा आली की ती आहेच असं आपण धरून चालतो. भान ठेवावं लागतं, आणि ते सुटतंही. प्रशिक्षणात शिकवलेलं कुणी विसरत नाही हो. बाहेर बाकांवर गर्दी ताटकळत असते, तेव्हा भान सुटतं. माझी सूचना ‘आघातभान’ ही आहे.

आणि ‘केअर’साठी शुश्रूषा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपातून तो शब्द आला. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, सेवा हा अर्थ त्यावरून. जागतिक आरोग्य संघटनेने हिंसा सोसलेल्या स्त्रियांना पहिला आधार कसा द्यावा ते पाच पायऱ्यांत सांगितलं आहे, त्यातली पहिली पायरी ऐकणं हीच. आपल्या शब्दाच्या पोटात ती आधीपासून आहे, तर तो का सोडायचा? ‘आघातभान ठेवून शुश्रूषा’ म्हणून पाहा.

एक प्रसंग सांगते. रक्तदाब मोजण्याचा सराव चालला होता. एक परिचारिका पेशंट होऊन खुर्चीत बसली. दुसरीने सवयीप्रमाणे बाजूने येऊन तिचा दंड धरला, पट्टा गुंडाळला आणि म्हणाली, ‘सैल सोडा, काही होत नाही.’ पेशंट झालेल्या बाईंनी हात आखडून घेतला. नंतर म्हणाल्या, ‘पट्टा आवळत गेला आणि कधी सुटणार ते कळेना.’ स्वतः हजारदा बांधलेला पट्टा, तरीही. दुसऱ्या फेरीत ती समोर आली, पट्टा दाखवला. ‘हा दंडाला बांधते. हवा भरली की घट्ट होईल, मग सैल होत जाईल. कुठला हात देता? मध्येच काढावासा वाटला तर सांगा, लगेच काढते.’ एवढं बोलायला पंधरा सेकंदही लागले नाहीत.

तुमच्या मसुद्यात ‘रुग्णास प्रक्रियेबाबत अवगत करावे’ अशी वाक्यं असतील तर कृपा करून ती काढा आणि त्या जागी अशी बोलती वाक्यं घाला. पेशंटसमोर उभं राहिल्यावर ओठांवर येतात ती हीच.

प्रतिसाद

‘ट्रिगर’साठी ‘खपली निघणे’ सुचवणार होतो, पण ते अपुरं वाटतं. खपली निघते तेव्हा जुनं दुःख आठवतं. इथे पुष्कळदा आठवण येतच नाही, आधी शरीर दचकतं : जंतुनाशकाचा वास, मागे बंद झालेलं दार, तोंडावर आलेला मास्क, कुणीतरी वरून वाकणं. मला ‘कळ’ बरा वाटतो. यंत्र सुरू करायची ती कळ, आणि दुखऱ्या जागी अचानक उठते तीही कळ. ‘कशाने कळ उठते?’ असं विचारता येतं, ‘कळ दाबली गेली’ असंही म्हणता येतं. तोच आघात पुन्हा होण्याला ‘पुनराघात’ पुरे.

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे. केसपेपरवर आम्ही ‘सहकार्य करत नाही’ असं लिहितो, त्याचीही चर्चा इथे व्हायला हवी. तारखा चुकवणारी, गोळ्या अर्ध्यात सोडणारी, तपासणीच्या वेळी पाय आखडणारी व्यक्ती त्या तीन शब्दांत बंद होते, आणि पुढचा डॉक्टर ते वाचूनच आवाज चढवतो. मी आता जे दिसलं तेवढंच लिहितो : ‘तपासणीच्या वेळी अंग आखडलं, थांबायला सांगितलं, थांबलो.’

व्हिन्सेंट फेलिटी या अमेरिकी डॉक्टरांच्या वजन कमी करण्याच्या उपक्रमातून लोक सोडून जात होते, आणि जाणाऱ्यांत ज्यांचं वजन उत्तम उतरत होतं असे बरेच होते. त्यांच्याशी बोलल्यावर अनेकांच्या बालपणातल्या अत्याचारांची कहाणी बाहेर आली. पुढे रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी बालपणातल्या अशा अनुभवांचा जो अभ्यास केला, त्याचा पहिला लेख १९९८मध्ये आला. एकूण १७,०००हून अधिक प्रौढ त्यात होते, आणि सुमारे दोन तृतीयांश लोकांनी बालपणातला निदान एक तरी प्रतिकूल अनुभव सांगितला.

म्हणूनच प्रत्येकाला खोदून विचारायची गरज नाही. रक्त घेताना हातमोजे आपण सगळ्यांसाठीच घालतो, कुणाला काय आजार आहे ते विचारून घालत नाही. भानही तसंच सगळ्यांसाठी.

प्रतिसाद

ऐकून ऐकून कर्मचाऱ्यांवर जो परिणाम होतो, त्याला ‘अप्रत्यक्ष आघात’ करू नका. ‘झळ’ म्हणा. आग दुसऱ्याच्या घरी लागते, झळ आपल्याला लागते. रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिकेला ‘तुम्हाला अप्रत्यक्ष आघात झाला आहे का?’ असं विचारलं तर ती नाहीच म्हणणार. ‘झळ लागतेय का हो?’ म्हटलं तर खाली बसेल.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘आघातभान ठेवून शुश्रूषा’ शीर्षकात घेते आहे. धसका, हाय, कळ आणि झळ यांना मिळून एक वेगळं पान देते. शेवटची अडचण : ‘कन्सेंट’ला संमती लिहू की परवानगी?

प्रतिसाद

सही घेताना संमती, कायद्याचा शब्द तोच आहे. बोलताना दोन्ही नकोत. ‘परवानगी आहे का?’ असं पांढऱ्या कोटातल्या माणसाने विचारलं की उत्तर ठरलेलंच असतं. ‘चालेल का?’ विचारा. आणि पुस्तिकेत त्या वाक्याच्या पुढे कंसात लिहा : उत्तर येईपर्यंत हात मागे ठेवा.